पेंग्विन बघून झाले असतील तर जरा वर बघा

परवाच्या रविवारी सहकुटुंब राणीच्या बागेत जाऊन आलो. फोटो टाकले होते, लाइक करणाऱ्यांचे आभार. त्या फोटोंखाली एका मित्राने कमेंट केली, "त्या बागेत आता पेंग्विन सोडून आहे काय?" त्याला तिथंच दोन ओळींत उत्तर द्यायला घेतलं, ते वाढत गेलं. म्हणून ही वेगळी पोस्ट. मोठी आहे, वेळ नसेल तर सोडून द्या. पण वाचायला घेतली तर अर्ध्यात सोडून शिव्या घालू नका, पूर्ण वाचून घाला.

आम्ही आठ जण होतो. आई, मी, बायको, आमची दोन पोरं, आणि मेव्हणी, साडूभाऊ, त्यांचा मुलगा. डोंबिवलीहून स्लो गाडी, भायखळ्याला उतरून पूर्वेकडून चालत. मे महिन्याचं ऊन. रस्त्यावर डांबर नुसतं तापलेलं. साडूभाऊ एप्रिलच्या शेवटी सिंगापूरची टूर करून आलेले, त्यामुळे स्टेशनपासून गेटपर्यंत आमचं सिंगापूर सुरूच होतं. तिथलं झू कसं आहे, तिथं पिंजरेच नाहीत, तिथं कसं सगळं स्वच्छ. "एकदा ते बघितलं ना दादा, की हे बघवत नाही." मी म्हटलं, आत तर चला आधी.

आत पाऊल टाकलं आणि ऊन संपलं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. बाहेर डोक्यावर रुमाल धरून चाललेली माझी बायको आत आल्यावर रुमाल पिशवीत टाकून देते, एवढा फरक. आणि आम्ही आठ जणांनी त्या सावलीकडे वर मान करूनसुद्धा बघितलं नाही. बघितला तो बाण. 'पेंग्विन कक्ष' कुठं आहे तो.

आईचे गुडघे दुखतात. रांग बघून ती म्हणाली, "मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन." एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी टेकली. माझी मुलगी, सातवीत आहे, तिला पेंग्विन शाळेच्या सहलीत बघून झाले होते, ती आजीपाशी थांबली. बाकीचे आम्ही रांगेत.

रांग सरकत सरकत आत गेली. गार हवा, निळा उजेड, काच. काचेपुढं प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ. तेवढ्यात मोबाइल वर करायचा, पोरगं खांद्यावर घ्यायचं आणि पुढं सरकायचं. माझा मुलगा आठ वर्षांचा. त्याचा पहिला प्रश्न, "बाबा, बर्फ कुठंय?" मागच्या बाईंनी त्यांच्या मुलीला सांगितलं, "ते आतल्या खोलीत ठेवलंय बर्फ."

तर बर्फाचा विषय. हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत. हे दक्षिण ध्रुवावरचे नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, जिथं जमीन जवळजवळ वाळवंट असते आणि समुद्राचा प्रवाह थंड असतो. बर्फाशी त्यांचा संबंध नाही. पण मुंबईच्या उकाड्यात त्यांना जगवायचं म्हणजे सोळा-अठरा अंशांची हवा बारा महिने, चोवीस तास, यंत्रांनी तयार करावी लागते. 2016 च्या जुलैमध्ये सोलहून आठ पक्षी आले, त्यातला एक त्याच ऑक्टोबरमध्ये गेला. मार्च 2017 पासून लोकांना बघायला मिळाले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं. आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना शंभर. दहापट वाढ. तेव्हा त्यावरून बराच आरडाओरडा झाला, मग आपण विसरलो. शंभर रुपये म्हणजे काय हल्ली, दोन वडापाव आणि दोन चहा, असं म्हणणारे मला रोज भेटतात. त्यांना लालबाग-काळाचौकीच्या खोलीतून सहा माणसं घेऊन दर महिन्याला जायचं नसतं, एवढंच म्हणतो आणि तो विषय सोडतो. कारण मला भांडायचंय ते तिकिटावरून नाही.

पेंग्विनवरूनही नाही. त्या पक्ष्यांचा काय दोष? आणि ज्यांनी ते इतकी वर्षं जगवले, त्यांची पिल्लं वाढवली, त्या तिथल्या कर्मचाऱ्यांचं मला कौतुकच आहे.

भांडण आहे ते आपल्या सगळ्यांच्या एका सवयीशी. आपण बागेत गेलो की प्राणी मोजतो. वाघ दिसला का? दिसला. पाणघोडा? त्याचं नुसतं नाक दिसलं. अस्वल झोपलं होतं. मग बाहेर येऊन हिशोब: पैसे वसूल की नाही. आणि आपण असा हिशोब करतो म्हणून आपल्यासाठी योजनाही तशाच बनतात. नवीन प्राणी, नवीन काच, नवीन काँक्रीट.

आम्ही परत आलो तेव्हा आई आणि नात गप्पा मारत होत्या. मुलीने मला विचारलं, "बाबा, हे कुठलं झाड आहे?" मी वर न बघताच म्हटलं, "वड असेल." ती म्हणाली, "वडाला पारंब्या असतात."

बुंध्यावर पाटी होती. माझ्या छातीच्या उंचीवर. पर्जन्यवृक्ष.

माझा जन्म परळचा. राणीच्या बागेत मी पन्नास वेळा तरी गेलो असेन. आणि हे झाड मला ओळखता आलं नाही, समोर पाटी असताना. याची लाज वाटली ती खरी, पण त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे.

आई तिला सांगत होती ती बयाशीच्या संपाची गोष्ट. जानेवारी 1982 मध्ये गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी सहा वर्षांचा. संप महिनोन् महिने चालला. माझ्या आठवणीत त्या वर्षी आम्ही फार वेळा राणीच्या बागेत गेलो. मला वाटायचं, वडिलांना सुट्टी होती म्हणून. मी आणि बहीण माकडं बघत फिरायचो, आई मागे. आईने परवा नातीला सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. वडील आमच्याबरोबर प्राणी बघायला कधीच यायचे नाहीत. ते आणि त्यांच्या खात्यातली चार-पाच माणसं अशाच एका मोठ्या झाडाखाली बसायची. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर बसून राहणं त्यांना व्हायचं नाही. शेजारीपाजारी बघतात, दुकानदार उधारीचं विचारतो. म्हणून "पोरांना बागेत नेतो" असं सांगून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत सावलीत बसायचं. कोण गावी चाललं, कोणी भाजीची गाडी लावली, तेच बोलणं. आई म्हणाली, "प्राणी तुमच्यासाठी होते गं. त्यांच्यासाठी झाड होतं."

आता मला सांगा, हे कुठल्या तक्त्यात बसवणार? 'आकर्षणं' मोजणाऱ्या कुठल्या अहवालात या झाडाचं नाव येईल?

या जागेचं पूर्ण नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. वनस्पती उद्यान आधी, प्राणी नंतर. नाव उगाच तसं नाही. 19 नोव्हेंबर 1862 ला ही बाग लोकांसाठी उघडली ती व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून, झाडांची बाग म्हणून. प्राणी मागाहून आले. पन्नासेक एकरांत तीन हजारांच्या आसपास झाडं, आणि त्यांच्या पावणेतीनशेच्या वर जाती. मुंबईसारख्या शहरात, भायखळ्यात, गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या मधोमध. वारसा यादीत नाव आहे ते या बागेचं.

पण शहराने या बागेला नेहमी अडगळीच्या खोलीसारखं वागवलं. 1965 मध्ये काळ्या घोड्यावरचा राजा चौकात नकोसा झाला, ठेवा राणीच्या बागेत. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्रजांना विलायतेला न्यायचा होता, उचलताना फुटला, तुकडे आणले इथं. तो हत्ती निदान पुन्हा जोडून नीट उभा केलाय, शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, वेळ काढून बघा. सांगायचं एवढंच, की जिथं काहीतरी ठेवायला जागा हवी तिथं आपल्याला बाग 'रिकामी' दिसते. झाडं उभी असलेली जागा आपल्या डोळ्यांना रिकामी जागा वाटते. सगळा घोळ इथं आहे.

साधारण 2007 पासून पालिकेचा एक मोठा बेत चालला होता. 'आंतरराष्ट्रीय दर्जाचं' प्राणिसंग्रहालय. शेकडो कोटींचा आराखडा. तो कागदावर दिसला तेव्हा मुंबईतल्या काही बायका, झाडांवर जीव असलेल्या, उभ्या राहिल्या. सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन नावाने त्यांनी काम केलं. अर्ज केले, वारसा समितीपर्यंत गेल्या, लोकांना बागेत बोलावून झाडं दाखवली. मूळ आराखडा तसाच्या तसा झाला नाही, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आज आम्ही ज्या सावलीत शिरलो तिच्यात त्यांचाही हात आहे. त्या वेळी मी काय करत होतो? ऑफिसला जात होतो. पेपरात वाचून "बरं झालं, परदेशासारखं होईल" असं म्हटल्याचंही मला आठवतंय. म्हणून मी इथं कोणाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही.

आता 2025 च्या सुरुवातीला मत्स्यालयाची घोषणा झाली. काचेच्या बोगद्यातून चालायचं, डोक्यावरून मासे. ऐकायला छान आहे, माझा मुलगा आत्ताच तयार होईल. पण कुठल्याही बांधकामाचा प्रश्न निघाला की मला एकच विचारायचंय. पंप कुठं बसणार, जनरेटर कुठं, ट्रक कुठून आत येणार, आणि झाडांची मुळं कुठपर्यंत गेलीत हे आधी कोणी मोजलंय का? झाड तोडलं की फोटो येतो, बातमी होते. मुळांवर काँक्रीट ओतलं की बातमी होत नाही. झाड सात-आठ वर्षं उभं राहतं, मग एका पावसाळ्यात आडवं होतं, आणि आपण म्हणतो, जुनं झालं होतं.

साडूभाऊंच्या सिंगापूरकडे येतो. त्यांना मी तिथं झाडाखाली बसूनच हे ऐकवलं, त्यामुळे पाठीमागे बोलतोय असं कोणी समजू नये.

सिंगापूरचं झू उत्तमच असेल. पण ते आहे कुठं? शहराबाहेर मंडईच्या जंगलाकडे. (मंडई हे तिथल्या भागाचं नाव आहे, भाजीशी संबंध नाही.) ते उघडलं 1973 मध्ये. आणि शहरात, भर वस्तीत, त्यांची बाग आहे, सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स. 1859 ची. आपल्या बागेहून फक्त तीन वर्षांनी मोठी, म्हणजे जवळजवळ जुळी बहीणच. त्या बागेतही इंग्रजांनी 1875 मध्ये प्राणिसंग्रहालय काढलं होतं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ते बंद केलं, झाडं ठेवली. 2015 मध्ये युनेस्कोने त्या बागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. सिंगापूरला असा मान मिळालेली ती पहिली जागा. झू नव्हे, बाग. आणि त्या बागेत जायला, ऑर्किडचा भाग सोडला तर, तिकीट नाही.

साडूभाऊ म्हणाले, "आमच्या टूरमध्ये ती नव्हती."

बरोबर आहे, नसणारच. टूरवाल्यालाही प्राणीच मोजता येतात.

तर ज्यांना मुंबईचं सिंगापूर करायचंय त्यांनी अवश्य करावं. पण अर्धं सिंगापूर आणू नका, पूर्ण आणा.

"मग काय प्राणी हाकलून देणार का?" असं कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. नाही. माझ्या मुलाने पाणघोड्याचा जबडा उघडलेला बघितला तेव्हा तो ज्या आवाजात ओरडला तो आवाज मला हवा आहे. 2020 मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली तेव्हा मीही मुलांना घेऊन धावलो होतो. ज्याला ताडोब्याची सफारी परवडत नाही त्याच्या पोराने वाघ कुठं बघायचा, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी हसणार नाही. जे प्राणी आहेत ते चांगल्या जागेत, नीट राहू देत. पण पन्नास एकरांत जगातला एकेक प्राणी आणून भरायची हौस आता पुरे. ज्या शहराच्या आत बोरिवलीचं जंगल आहे, जिथं बिबट्या खराखुरा मोकळा फिरतो, त्या शहराने काचेआड अजून काय काय आणून ठेवायचं?

आणि परदेशी पाहुण्यांचीच हौस असेल तर ते इथं आधीपासून आहेत हो. गोरखचिंच बघा. आफ्रिकेची. खोड असं की आमच्यातल्या चौघांनी हात धरूनही त्याला वेढा पडणार नाही. नाव गोरखनाथांचं लावून आपण तिला आपलं करून टाकलंय. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात. कैलासपती बघा, मूळचा दक्षिण अमेरिकेचा, फांद्या सोडून बुंध्यालाच फुलं लगडलेली. फुलात शंकराची पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो म्हणून आपण त्याला थेट कैलासावर नेऊन बसवला. उर्वशी ब्रह्मदेशची, लाल-पिवळ्या झुंबरांसारखी लोंबणारी फुलं. जगातल्या देखण्या फुलझाडांत तिची गणती होते आणि आपण तिच्याखालून 'पेंग्विन किधर है?' विचारत जातो. आमचा पर्जन्यवृक्षसुद्धा अमेरिका खंडातला. ढग दाटले की आणि संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. यांतल्या एकालाही एसी लागत नाही. उलट तेच आपल्याला गारवा देतात, आणि ते काम करताना कोणी त्यांच्यापुढं रांग लावत नाही.

आपल्या वागण्याबद्दल थोडं बोलतो, मग आटोपतो. वाघाच्या काचेवर थापा मारणारे चांगले शर्टात खोचलेले, पोराबाळांचे बाप होते. शिट्ट्या मारणारे कॉलेजचे होते. एका सुंदर जुन्या खोडावर बदामाच्या आत दोन नावं कोरलेली होती. साल कोरली की झाडाला जखम होते, तिथून कीड शिरते, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. वाघाला खडा मारला तर निदान कोणीतरी ओरडतं. झाड कोरताना शेजारचे लोक फोटो काढून देतात.

माझं मागणं फार नाही. बागेत पुढं जे काही बांधायचं असेल त्याच्या आराखड्यावर प्रत्येक झाड त्याच्या नावानिशी दाखवा आणि तो नकाशा गेटवर लावा, मराठीत, तिकिटाच्या खिडकीशेजारी. लोकांना बघू दे. पालिकेच्या शाळांच्या सहली येतात त्यांना पेंग्विनच्या रांगेत दोन तास उभं करण्याऐवजी अर्धा तास झाडांतून फिरवा. आणि या भागातून निवडून येणाऱ्यांना, पक्ष कुठलाही असो, मतं मागायला आले की विचारा, बागेतल्या दहा झाडांची नावं सांगा. मला दहा येत नाहीत अजून. सहा झाली आहेत, मुलगी शिकवतेय.

निघताना आई उठेना. पाच वाजत आले होते, साडूभाऊ घड्याळ बघायला लागले. ती म्हणाली, "थांबा रे, पानं मिटतात का बघू दे हिला." थांबलो. मेमध्ये अंधार उशिरा पडतो, बाग बंद व्हायची वेळ आली तरी पानं काही मिटली नाहीत. मुलगी हिरमुसली. परतीच्या गाडीत तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, आणि मुलाने डोंबिवलीपर्यंत पाणघोडा काढून दाखवला, तोंडाने.

पावसाळ्यात ढग भरून आलेला एखादा रविवार बघून आम्ही परत जाणार आहोत. कोणाला यायचं असेल तर कळवा, आईला गप्पांना माणसं लागतात. तुमचं तुम्ही जाणार असाल तर बुधवारी जाऊ नका, बंद असते.